दांडी कुठवर लावायची

नवऱ्यानं दारात चिरडलेला तिचा डावा हात जुळला, पण वाकडा. बोटांत काही धरवेना. शेजारच्या सुतारानं तिला एक जाड फळी करून दिली, मधोमध तीन खिळे, टोकं वर. कांदा खिळ्यांत खुपसायचा आणि उजव्या हातानं चिरायचा.

"आता हलायचा नाही, वहिनी."

"असंच काहीतरी यांच्यासाठीही करा," ती म्हणाली. "एका जागी राहतील."

पुढे साखरेच्या आजारात नवऱ्याचा पाय गुडघ्यापासून गेला. तो खाटेवर आला. तांब्या भिरकावायचा, शिव्या घालायचा. पण त्याचा हात पोचेल तेवढी जागा सोडून उरलेलं घर तिचं झालं.

मग परगावी राहणारा त्यांचा मुलगा आला आणि त्यानं सुताराला बोलावलं. भिंतीला स्टीलची दांडी लावायची, बाबांना धरून चालता यावं म्हणून.

"न्हाणीपर्यंत लावा," ती म्हणाली. "स्वयंपाकघराकडे नको."

"आई, घोटभर पाण्यासाठी त्यांनी तुझ्या तोंडाकडे बघायचं?"

"मी देते की पाणी."

"डूख धरून बसलीयेस नुसती."

सुतार तिच्या वाकड्या बोटांकडे बघत राहिला. मग त्यानं मान खाली घातली आणि ड्रिल सुरू केलं. दांडी थेट ओट्याला जाऊन भिडली.

मुलगा परत गेला. दुसऱ्याच सकाळी नवरा लंगडी घालत, दांडीला लोंबकळत आत आला.

"घर बळकावलंस काय गं, भवाने?"

उजव्या हातानं दांडी घट्ट धरून डाव्यानं त्यानं तिचे केस पकडले. कपाळ ओट्यावर आदळलं, पुन्हा आदळलं. डोळ्यात रक्त उतरलं. तिनं चाचपडत फळी उचलली आणि अर्ध्या चिरलेल्या कांद्यासकट, सगळा भार टाकून, दांडीवरच्या त्याच्या बोटांवर हाणली. खिळे आरपार गेले. तो गुरासारखा ओरडला आणि कोसळला. त्याला ओलांडून ती सुताराला हाक मारायला गेली.

डॉक्टरांनी त्याचा हात बांधून दिला. मुलगा फोनवर म्हणाला, "पडले कसे?"

"पडले नाहीत. मी मारलं."

जेवताना नवऱ्याच्या बांधलेल्या हातात चमचा ठरेना. त्यानं तोंड उघडलं. "भरव की."

तिनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, चमच्याच्या दांड्याला गुंडाळून तो जाडजूड केला आणि त्याच्या मुठीत कोंबला.

"आपल्या हातानं खा."

अर्धं अन्न अंगावर सांडत तो जेवला. ती दाराशी उभी होती. मग ताट उचलायला पुढे झाली, अगदी त्याच्या हाताच्या टप्प्यात. त्यानं अंग चोरलं आणि भिंतीकडे सरकला.