तहान लागे

माझ्या थोरल्या बहिणीची वाचा गेली आणि गाणं तेवढं राहिलं. मेंदूला झटका आला होता. "ताई, चहा घेतेस का?" विचारलं तर नुसती बघत राहायची, पण शिलाई मशीनवर बसून जन्मभर गुणगुणलेलं गाणं न अडखळता म्हणायची: 'दिवा लाव ना, सांज उतरली, घराकडे ती वाट विसरली.'

भावोजी शाळेत कविता शिकवायचे. जेवतानाही बोटांवर मात्रा मोजणारा माणूस. त्यांनी डोक्यात घेतलं, की शब्द गेले तरी साचा शाबूत आहे. आठ मात्रा, जरा थांबा, पुन्हा आठ, शेवटी यमक. त्याच साच्यात तिचं दुखणंखुपणं बसवायचं.

"'पाणी दे मज, तहान लागली' शिकवा की," मी म्हटलं.

"नऊ होतात. अडखळेल ती. 'तहान लागे' म्हणायचं."

"इथे तिचा जीव चाललाय आणि तुम्ही मात्रा धरून बसलात."

ते चिडले नाहीत. दुसरी ओळही तयार होती: 'पाठ दुखतसे, अंग न जागे.' पहिली आली की यमक दुसरीला ओढून आणेल, म्हणाले. तिच्या तळहातावर ठेका धरून रोज पाण्याची ओळ म्हणत राहिले.

एका दुपारी ताईने ती अख्खी म्हटली. भावोजींनी पाणी पाजलं आणि रडले. मीही रडले. खोटं कशाला सांगू, मला वाटलं बहीण परत आली.

दुसऱ्या दिवशी गेले तर चादर ओलीचिंब. ताई तीच ओळ म्हणत होती, भावोजी पेला पुढे करत होते, ती लोटून देत होती.

"सकाळपासून हेच चाललंय," ते म्हणाले. "त्यात माझा चष्मा सापडत नाही."

मी तिला कुशीवर वळवलं. चष्मा तिच्या पाठीखाली होता. काडी कातडीत रुतून रक्त आलं होतं.

दुसरी ओळ काही आली नाही. भावोजींनी महिनोन्‌महिने घासली, मग सोडून दिली. आता पोट दुखो, उकडो, नाहीतर मी घरी जायला निघो, ताई पाणीच मागते. भावोजी आधी तिची पाठ चाचपतात, मग पेला भरतात.

परवा मी चपला घालत होते तेव्हा तिने पुन्हा सुरुवात केली. भावोजी बोटांवर मोजत बसले.

"सगळ्या बरोबर आहेत गं," ते मला म्हणाले. "एकही मात्रा चुकत नाही."