पंखावरची वाळू

"ए, नुसता बघतो काय? ती वाळूची पोती आत आण."

सर दारात उभ्या असलेल्या माणसाला म्हणाले. तो माझा बाप होता.

मी हिंगोलीत अकरावीला. टेक्निकलचा वर्ग. वर्षाअखेरी प्रत्येकानं एक वस्तू करून दाखवायची. मी विमानाचा पंख केला होता. सहा फूट लांब. आत बांबूच्या दोन कांबी, त्यांच्यावर पातळ फळीच्या फासळ्या, वरून खळ लावून ताणलेलं कापड. विमान मी फक्त आभाळात बघितलेलं. पंख धडाला जुळतो तिथं, बुडाशी, फासळ्या दाट बसवल्या, कारण ताण तिथं जास्त येतो. हे कुणी शिकवलं नाही. तीन पंख मोडले तेव्हा कळलं.

त्या दिवशी चाचणी होती. हवा पंखाला वर ढकलते. म्हणून पंख उलटा करून टेबलाला आवळायचा आणि वाळूची छोटी पोती ठेवत जायची, मोडेपर्यंत. बघायला या, म्हणून मीच बापाला निरोप धाडला होता. आखाडा बाळापूरहून तो पहिल्या गाडीनं आला. मजुरीचा रोज बुडवून.

बापानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

त्यानं पोतं उचललं.

"कुठं ठेवू, साहेब?"

"टोकाकडं सरकव. कुठला रे तू?"

"बाळापूरचा. बौद्धवाड्यातला."

मी फूटपट्टी धरून पंख किती वाकला ते ओरडून सांगत होतो. आवाज खणखणीत होता. 'हे माझे वडील' एवढं मात्र तोंडातून निघेना. बाप एकेक पोतं अलगद ठेवत होता, निजलेलं लेकरू ठेवावं तसं. अकराव्या पोत्याला कडकन आवाज झाला. पंख मोडला.

"मोडलाच!" सर म्हणाले. "या लोकांचा हात लागला की असंच."

वर्ग हसला. बापही कसनुसा हसला.

ते हसू मला बघवलं नाही. मी फूटपट्टी टाकली.

"सर, पंख मोडायसाठीच होता. अकरा पोती पेलली त्यानं. आणि हे माझे वडील आहेत."

सरांनी विचारलं, "मग मघाशीच का नाही सांगितलंस?"

मी बापाशेजारी जाऊन उभा राहिलो.

उलट बोललो म्हणून सरांनी माफीपत्र मागितलं. नाहीतर गुण नाहीत. स्टँडवर बाप म्हणाला, "लिवून दे, बाबा. साळा सुटंल."

"न्हाई."

"मला काय वाटलं न्हाई रं. आमाला सवय हाय."

ती सवयच मला जाळत गेली. गाडी बाळापूरकडं निघाली. बाप खिडकीतून हात हलवत होता. माफी मागायची होती ती त्याची. मी मागितली नाही. दोन वर्षांनी तो गेला.

माझं वर्ष वाया गेलं. पुन्हा बसलो, पास झालो. सरांना हवं होतं ते पत्र मी तेव्हा लिहिलं नाही. कधीच लिहिणार नाही.