ओळ खाली कर

कौशिक इनामदाराचा जन्म मिरजेचा, मिजास मात्र चार गावांना पुरून उरेल एवढी. जयपुरात, बनी पार्कातल्या एका छोट्या कंपनीत तो ड्रायव्हर दुरुस्त करायचा. गाडीचा नव्हे हो. संगणक ज्याच्या जोरावर छपाईयंत्राला हुकूम सोडतो, त्या प्रोग्रामलाही ड्रायव्हरच म्हणतात. शेजारच्या काकू वर्षभर त्याला गॅरेजवाला समजत होत्या, आणि फार चुकत होत्या असंही नाही.

कंपनीनं विकलेलं एक यंत्र होतं जवळच्याच सांगानेरला, भंवरलालजींच्या कारखान्यात, कापडावर मोर छापायला. प्रोग्राम संगणकाच्या मेमरीत जागा उसनी घेई, तिथं चित्र ठेवी, आणि छपाई संपायच्या आधीच जागा परत करून मोकळा होई. जेवणाऱ्याचं जेवण उरकायच्या आत पान उचलावं, तसं. मग अर्धा मोर, अर्धा चिखल. सोमवारपर्यंत सुधारलं नाही तर यंत्र घेऊन जा, असं भंवरलालजींनी बजावलं. आणि यंत्र परत आलं असतं तर कौशिकची बढतीही बुडाली असती.

दोष त्यानं बरोब्बर ओळखला. पण स्वतः हात लावील तर तो कौशिक कसला? हाताखाली निशिगंधा होती, बदलीवर आलेल्या मराठी बँकसाहेबांची लेक, जयपुरातच शिकलेली. ती ओळीला 'ओल' म्हणाली की हा नाक मुरडी. माझ्याशी हिंदी चालणार नाही, अशी त्याची तंबी. कारखान्यातून फोनवर त्यानं फर्मावलं, "जागा परत करायची ती ओळ खाली कर."

तिनं बिचारीनं विचारलंही, पूर्ण खाली का? अगदी खाली, मराठी कळत नाही का, म्हणून यानं फोन आपटला.

मोर अख्खे उमटले. कौशिकनं भंवरलालजींकडची कचोरी दोनदा मागून खाल्ली. दुपारी मात्र यंत्र रेंगाळलं, आणि मग संगणकानंच मान टाकली. घेतलेली जागा परत कुणी करेना, मेमरी तुडुंब.

कंपनीत परतून, मालक रणजितजींच्या देखत, त्यानं निशिगंधेची अक्कल काढली. तिनं स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्या ओळीच्या जागी कोरं करकरीत.

"कौशिकजी, तुम्हीच बोलले ना, ओल खाली कर? मी केली खाली."

मिरजेत खाली म्हणजे तळाला, जयपुरात खाली म्हणजे रिकामं. रणजितजी पोट धरून हसले. "नीचे बोलने में क्या जाता था, पंडितजी?"

निशिगंधेनं ती ओळ परत लिहिली, छपाई संपते त्याच्या खाली. यंत्र सांगानेरातच राहिलं. महिनाअखेर कौशिकनं बढतीचा विषय काढला, तेव्हा रणजितजी चहा ढवळत म्हणाले, "वो जगह अभी खाली रहेगी."

या खेपेला त्याला अर्थ विचारावा लागला नाही.