फडाला लागून असलेलं दालन

आमच्या संग्रहालयाच्या पाठीमागे भिंतीला लागूनच उसाचा फड होता. पुढच्या खोल्यांत व्यंगचित्रं आणि मागच्या दालनात भट्टीत भाजलेली भांडी. हे सगळं ज्यांच्या हातचं, ते चित्रकार आता नाहीत. त्यांच्या पत्नी वरच्या खोलीत राहतात. आम्ही त्यांना काकू म्हणतो. मी खोडदहून स्कूटीवर येते, तिकिटं देते, आलेल्यांना फिरवून दाखवते.

त्या दिवशी फडाला कोयता लागला. सकाळपासून पाचटाची सळसळ आणि तोडणाऱ्यांची हाकाहाक चालली होती. दुपारी सगळं एकाएकी थांबलं. आवारातली कुत्री माझ्या टेबलाखाली शिरली. भाकरी दाखवली तरी बाहेर येईना. तेवढ्यात तोडणाऱ्यांच्या टोळीतली एक बाई धापा टाकत दारात आली.

"ताई, मागलं दार लावून घ्या. सरीत वाघाची पिल्लं घावलीत, दोन. आई हितंच कुठंतरी आसंल."

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.

मागच्या दालनात काकू भांडी पुसत होत्या, आणि पुसताना त्या फडाकडचं दार नेहमी उघडं टाकत. मी धावत आतल्या दारापाशी गेले नि तिथंच थिजले. काकू मांडणीला टेकून उभ्या, हातात निळी सुरई. त्यांच्या पलीकडे, अगदी चार हातांवर, मादी. ती काकूंकडे बघतसुद्धा नव्हती. नाक खाली घालून एकेक मोठा घडा हुंगत होती. आत तोंड घालायची, पुढं सरकायची.

"काकू," मी कसंबसं म्हणाले.

"मागे हो. पाठ फिरवू नकोस. दार लावून घे."

"आणि तुम्ही?"

"लाव म्हणते ना."

मी लावलं नाही. धाडस वगैरे काही नव्हतं, हातच उचलेना.

काकूंच्या हातून सुरई निसटून फुटली. त्या आवाजासरशी मादी गर्रकन वळली, गुरगुरली, उसळली. मांडणी कोसळली. मला वाटलं, काकूंवरच पडली. धूळ बसली तेव्हा काकू जमिनीवर बसलेल्या, खापऱ्यांनी हात कापलेला, आणि फडाकडचं दार रिकामं. मी धावत जाऊन कडी घातली.

संध्याकाळी वनखात्याच्या माणसांनी पिल्लं क्रेटमध्ये घालून बांधावर ठेवली आणि सगळ्यांना लांब पाठवलं. काकू आणि मी वरच्या खिडकीत बसून होतो. दिवेलागणीला ती आली. एकाला मानेला धरून घेऊन गेली. दुसरं ओरडत राहिलं. सकाळी ते क्रेटमध्येच होतं. शेवटी ती माणसं त्याला घेऊन गेली.

"ती येणार," काकू म्हणाल्या. "तिला वाटतंय, ते या घरात आहे."

"काकू, असं नका बोलू."

आता फड मोकळा झालाय, लांबवर काळी माती दिसते. मांडणी पुन्हा उभी केली, तुटलेल्या भांड्यांच्या जागा तशाच मोकळ्या ठेवल्या. लोक येतात, व्यंगचित्रांपुढे हसतात. मागचं दार कायम बंद असतं.

परवा सकाळी झाडायला गेले तर त्याच दाराबाहेर ओल्या मातीत पंजे उमटलेले. दारापर्यंत आलेले, उंबऱ्याशी घुटमळलेले. मी बादलीभर पाणी आणून ओतलं.

"काय धुतेस गं?" वरून काकूंनी विचारलं.

"चिखल झालाय, काकू."

त्या खिडकीतून हलल्या नाहीत.