गुंडाच्या घराशेजारी

गुंडातात्यांचं नाव मी बिघडवलं, हे आधीच सांगून टाकतो. आठवलं की अजून माझाच मला संताप येतो.

माण तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाचंही घर सांगायचं तर ‘गुंडाच्या घरापासनं वर’ नाहीतर ‘खाली’ असंच सांगतात. तात्या मेंढरं राखणारे. सत्तरी ओलांडली, जीभ तिखट. पण शेजारच्या अख्तरबीचा नवरा गेल्यावर तिची मुलगी शाझिया नर्सिंगच्या परीक्षेला दहिवडीला निघाली की रोज सोबत जायचे ते तात्याच.

माझं फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. शाझियाला मुंबईच्या एका दवाखान्यात नोकरी लागत होती. फक्त घराचा पत्ता इंग्रजीत, खुणेसकट हवा होता. मी मराठीत ‘गुंडाच्या घराशेजारी’ लिहिलं, मोबाइलकडून इंग्रजी करून घेतलं आणि न वाचता पाठवलं. त्या अतिशहाण्याने ‘गँगस्टरच्या घराशेजारी’ केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या बाईंचा फोन आला. “असल्या वस्तीतली मुलगी आम्ही घ्यायची?” गुंडा हे शेजारच्या आजोबांचं नाव आहे, असं मी चारदा सांगितलं. बाई खिदळल्या. “मग दुसरी खूण द्या. शुक्रवारी आमचा माणूस येईल. घर सापडलं नाही तर नोकरी विसरा.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तात्यांना कळलं तसे ते काठी आपटत दुकानात आले. मागोमाग शाझिया.

“आवं तात्या, चुकलं माजं,” मी म्हणालो.

“चुकलं म्हनं! काढ माजं नाव. त्या पान्याच्या टाकीचं घाल.”

“टाकीत थेंब न्हाई, तात्या,” शाझिया रडकुंडीला आली. “पानी तर आमी तुमच्याकडचं प्यालो.”

“पर टाकीला इंग्रजी हाय न्हवं!” तात्या कडाडले.

मी दातओठ खात ‘वॉटर टँकजवळ’ लिहिलं.

शुक्रवारी तो माणूस आला. गावात टाक्या तीन, तिन्ही कोरड्या. तासभर उन्हात भटकून शेवटी त्याने एसटी थांब्यावर शाझियाचं घर विचारलं. बसलेले चौघे एकदमच बोलले, “गुंडाच्या शेजारी!”

तात्यांनीच त्याला अख्तरबीच्या दारात नेलं. घर बघून झाल्यावर त्याने कागद पुढे केला. शेजाऱ्याची सही लागत होती. तात्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरांत ‘गुंडा’ लिहिलं आणि कागद हातातून न सोडता म्हणाले,

“ह्याचं इंग्रजी करू नगा.”