पंचेचाळीसनंतरचं पान

बाइंडरीणबाईंचा दुकानातला तोरा विचारू नका. "आमच्याकडे पन्नास वर्षांत दोन पानं एकमेकांना चिकटलेली नाहीत," हे त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. वाक्य मुळात बाबांचं. बाबा आता चौऱ्याऐंशीचे. मागच्या खोलीत खुर्चीवर बसून लेकीच्या कामात खोड काढणं एवढाच उद्योग उरलेला.

त्या सकाळी बाईंनी दुरुस्तीला स्वतःचंच पुस्तक काढलं. लहानपणचं, परीकथांचं, पाठ निखळलेलं. पाखरू होऊन उडून गेलेल्या आईची गोष्ट बाबा त्यातून रोज वाचून दाखवत. शेवटी एका संध्याकाळी आई खिडकीत परत येई. स्वतः वाचता यायला लागल्यावर लेकीनं विचारलं होतं, "हा शेवट पुस्तकात कुठाय?"

"छापखान्यातली शाई संपली," बाबा म्हणाले होते. "मला पाठ आहे म्हणून बरं."

तीस वर्षं छापील कागदात हात घालूनही बाईंनी हे एकावन्नाव्या वर्षापर्यंत खरं धरलं होतं. त्या पाच वर्षांच्या असताना आई दवाखान्यात गेली ती परतलीच नव्हती. तेव्हापासून दुकानावरच्या माडीतल्या खिडकीला कडी लावायची नाही, हा घरचा नियम. पाऊस आत आला तर लादी पुसायची, पण कडी नाही.

शिवण्याआधी पानांचे आकडे तपासायची कामाची सवय. पंचेचाळीसनंतर एकदम अठ्ठेचाळीस. बाईंनी पान चिमटीत धरलं. जाड लागलं. कडेनं खळ लावलेली, एकसारखी, कुठे फुगवटा नाही. असा हात त्यांना एकाच माणसाचा ठाऊक होता.

ओलं फडकं, मग बोथट पट्टी. अर्ध्या तासानं पानं सुटली. आत छापलं होतं, पाखरू परत आलं नाही. मुलगी मोठी झाली आणि एके दिवशी तिनं खिडकी लावून घेतली.

"काय गं, हात का थांबला?" मागून आवाज आला.

"पानं चिकटलीत, बाबा. सेहेचाळीस-सत्तेचाळीस."

खुर्ची करकरली. बाबांनी विचारलं, "उघडलीस?"

"सुटत नाहीयेत."

"सुटायची नाहीत. खळ माझी आहे." तोरा होता, पण आवाज अर्ध्यातच बसला.

"आणि मी गिऱ्हाइकांना काय काय सांगत बसते."

"सांगत जा. ते दुकानाचं काम नव्हतं."

बाईंनी खळीच्या वाटीत ब्रश बुडवला, निथळला आणि तसाच ठेवून दिला. "बाबा, शाई जिथे संपली होती ना, तिथून पुढे सांगा."

"घोडी झालीस एवढी."

"सांगा हो."

बाबांनी घसा साफ केला. "तर संध्याकाळ झाली होती," ते म्हणाले, "आणि मुलीनं खिडकी उघडीच ठेवली होती..."

सकाळचे अकरा वाजले होते. तरी बाईंनी मान वर करून माडीकडे पाहिलं.