रिकाम्या पोटी लस

माणिकपूरच्या एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात चक्कर येऊन पडलेला सर्वांत ज्येष्ठ पेशंट म्हणून माझी ख्याती आहे.

झालं असं, की लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे यायची होती. आधी तिचा फोन आला.

"बाबा, डांग्या खोकल्याची लस घ्या."

"लहानपणी घेतलीय की!"

"तिचा असर कधीच ओसरला. तुम्हाला साधा खोकला वाटेल, पण तान्ह्याच्या जिवावर बेततं. लस नाही, तर बाळ हातात नाही!"

संपलं! माझं पहिलं नातवंड, आणि मी ते लांबून बघायचं? (मी काय शेजारी आहे?) पण सुईचं नाव काढलं तरी मला घाम फुटतो. घरात माझ्या येरझाऱ्या सुरू झाल्या. शेवटी हेमा, म्हणजे आमची ही, वैतागली. "अहो, बसा तरी, नाहीतर जा तरी!"

लस मिळणार होती ती मुलांच्या डॉक्टरांकडे. आता, सुई म्हणजे रिकाम्या पोटी, हे आम्ही शुगरवाले जाणतोच. मी पोहे नाकारले. चहासुद्धा नाही!

"अहो, खाऊन घ्या."

"तुला काय कळतं? लस आहे ती!"

दवाखान्यात ससे रंगवलेल्या बाकावर मी हेमाशेजारी बसलो, उठलो, पुन्हा बसलो. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या एक आजी रडक्या नातवाला समजावत होत्या, "बघ, ते आजोबा रडतात काय?" झालं! सगळी पोरं माझ्याकडे टकामका बघायला लागली. इज्जतीचा प्रश्न! छाती काढून आत गेलो. टोचलेलं कळलंसुद्धा नाही. बाहेर येऊन पोरांना ऐटीत दंड दाखवला, आणि बाकावरचे ससे गरगर फिरायला लागले.

"अगो बाय, पडला! कोनी पानी आना!" आजी ओरडल्या. त्याबरोबर सगळ्या दवाखान्याने एकसाथ भोकाड पसरलं.

डोळे उघडले तर समोर डॉक्टर. "सकाळी काय खाल्लंत?"

"काही नाही. नियमाप्रमाणे."

"कुठला नियम?"

"यांचा स्वतःचा," हेमा म्हणाली.

उपाशीपोटी शुगर उतरली होती; डॉक्टरांनी साखरपाणी पाजलं. लशीला उपाशी राहायचं नसतं, आणि मोठ्यांनाही फ्लूच्या, धनुर्वाताच्या लशी लागतात, हेही सांगितलं. "पुढच्या वेळी जेवून या!"

नात झाली. लेकीने स्वतः माझ्या हातात दिली, आणि मला रडूच आलं. पुढे नातीच्या लशीसाठी आम्ही सगळे त्याच दवाखान्यात गेलो.

"बाळाला मी धरतो!" मी पुढे सरसावलो.

नर्सने मला ओळखलं. "बाळाला आई धरेल," ती म्हणाली आणि हेमाकडे वळली. "आजी, तुम्ही आजोबांना धरा!"